आई, आज किती सांगू?

मुलांनो, हा लेख खरं तर तुमच्या आई-बाबांसाठी आहे. पण तुम्हीही वाचा. वाचून झाला की अंक याच पानावर उघडा ठेवून ओट्याजवळ 'विसरून' जा. बाकीचं आपोआप होईल.

मे २०२४ मधली गोष्ट. शाळेला सुट्टी लागली होती आणि मी माझ्या मुलाला घेऊन एसटीने माहेरी निघाले होते. एसटीचा नियम आपल्याला पाठ असतो. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांनाही अर्धंच तिकीट आहे. म्हणजे माझे स्वतःचे निम्मे पैसे आधीच वाचलेले. तरीही कंडक्टरने "छोट्याचं वय काय हो, ताई?" असं विचारल्याबरोबर माझ्या तोंडून निघून गेलं, "साडेचार."

मुलाला पाच पूर्ण होऊन बारा दिवस झाले होते. केकवरच्या पाच मेणबत्त्या त्याने स्वतः मोजून लावल्या होत्या. तो सीटवर उभाच राहिला. "नाही काय! मी पाच वर्षांचा झालो ना, आई?"

मागच्या सीटवरचे एक आजोबा खुदकन हसले. मी मुलाचा दंड दाबला, "गप्प बस" म्हटलं आणि कंडक्टरला म्हणाले, "द्या, अर्धं द्या. परवाच झालाय हो वाढदिवस, लक्षातच आलं नाही." म्हणजे एका खोट्यावर दुसरं खोटं! कंडक्टर काही बोलला नाही. तिकीट दिलं आणि पुढे गेला. मला मात्र उतरेपर्यंत मान वर करवेना. फळ्यावर रोज सुविचार लिहिणारी बाई मी!

तरी इथपर्यंत ठीक होतं. खरी गंमत घरी झाली. माझ्या वडिलांनी नातवाला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "काय रे गुलामा, किती वर्षांचा झालास?" पोराने उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "आई, आज किती सांगू?"

सगळे खो-खो हसले. मीही हसले. पण रात्री झोप येईना. दोन वर्षं मी त्याला 'खरं बोलावं, खरं बोलावं' असं सांगत होते. आणि आपलं वय आज किती आहे हे आईला विचारून ठरवायचं असतं, हे मात्र मी त्याला एका शब्दात शिकवून टाकलं होतं. तेही त्या दिवशी मला काहीही शिकवायचं नसताना.

सकाळी त्याला अंगणात घेऊन बसले आणि म्हटलं, "काल बसमध्ये तू बरोबर बोललास. मी खोटं बोलले. तुला गप्प बस म्हणायला नको होतं."

त्याने विचार केला. "मग तू कंडक्टरकाकांना सॉरी म्हणालीस?"

"नाही."

"मग मला का ओरडलीस?"

"मला लाज वाटली म्हणून."

"अच्छा," असं म्हणून तो आंबा खायला पळाला. परतीच्या बसमध्ये मात्र कंडक्टरने विचारायच्या आत त्याने स्वतःचं वय जाहीर केलं, आणि आपलं तिकीट आपल्याच हातात धरून बसला.

हे लिहायला सोपं वाटतंय, पण पोटच्या पोरासमोर 'माझं चुकलं' म्हणताना माझी जीभ जड झाली होती. आमच्या लहानपणी मोठी माणसं चुकायचीच नाहीत. निदान तसं कबूल तरी करायची नाहीत!

आता शाळेकडे वळू. आमच्याकडे रोज परिपाठ होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा. दुसरीतली मुलं 'नेहमी खरे बोलावे' असं झकास अक्षरात लिहितात आणि त्याच तासाला शेजाऱ्याचं खोडरबर चड्डीच्या खिशात घालतात. यात ढोंग नसतं बरं का! त्या वयात वहीतलं वाक्य वहीत राहतं आणि खिसा वेगळा राहतो. या दोघांची गाठ कुणीतरी रोजच्या व्यवहारात घालून द्यावी लागते.

डी.एड.ला असताना बालमानसशास्त्रात जाँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाचं नाव आम्ही घोकून पाठ केलं होतं. त्याचा खरा उपयोग मला वर्गात उभं राहिल्यावर कळला. १९३२ साली आलेल्या पुस्तकात त्याने मुलांना विचारलेली एक जोडगोष्ट आहे. एक मुलगा जेवायला हाक मारली म्हणून खोलीत येतो. दारामागे खुर्चीवर ट्रे आहे हे त्याला ठाऊक नसतं. दार ढकलतो आणि पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरी नसताना कपाटातला जॅम चोरून काढायला जातो आणि त्याच्या हातून एक कप फुटतो. जास्त चूक कुणाची?

मी जॅमऐवजी बेसनाचा लाडू घातला आणि वर्गाला हीच गोष्ट सांगितली. वर्ग एका सुरात ओरडला, "पंधरावाल्याची!" पियाजेलाही लहान मुलांकडून बहुतेक असंच उत्तर मिळालं होतं. लहान मुलं नुकसान मोजतात. मनात काय होतं हे पाहायला ती नऊ-दहा वर्षांची होता होता लागतात, असं त्याला दिसलं. (पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं, की हेतू सोप्या शब्दांत स्पष्ट सांगितला तर त्याहून बरीच लहान मुलंही तो लक्षात घेतात.) माझ्या वर्गातही शेवटच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "पण बाई, त्याला लाडू घे म्हणून कुणी सांगितलं नव्हतं ना?"

पालकहो, आता आपल्या घरात पाहा. मुलगी पाहुण्यांना पाणी द्यायला उत्साहाने धावते, अडखळते आणि काचेचा पेला फोडते. काय होतं? धपाटा! तीच मुलगी धाकट्या भावाच्या वाटणीची चिक्की गुपचूप खाते आणि 'मी नाही' म्हणते. काय होतं? "जाऊ दे, लहान आहे." म्हणजे पंधरा कप मोजायला मुलांना आपणच शिकवतो. पेला फुटला तर काच गोळा करायला तिला दूर उभं करा, आणि एवढंच म्हणा, "तू मदत करायला आली होतीस, मला माहीत आहे. पुढच्या वेळी दोन्ही हातांनी धर." चिक्कीचं मात्र जाऊ देऊ नका. मारू नका, पण जाऊही देऊ नका. तिच्या वाटणीतली चिक्की भावाला द्यायला लावा. तिच्याच हाताने.

आपण मोठी माणसं दिवसाकाठी मुलांशी किती खोटं बोलतो, हे मी एकदा मोजायला घेतलं आणि दुपारपर्यंतच सोडून दिलं. 'सुई अजिबात दुखत नाही.' 'मोबाईलची बॅटरी संपली.' 'दुकान बंद आहे.' 'जेवला नाहीस तर पोलीसकाका घेऊन जातील.' 'तू खेळ, मी इथेच आहे,' असं म्हणून मागच्या दाराने पसार होणं तर बालवाडीच्या फाटकावर रोज चालतं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, "कोण आहे बघ. सावंतकाका असले तर सांग, बाबा घरी नाहीत." (सावंतकाका हे आपलं नमुन्यादाखल. तुमच्याकडचे काका वेगळे असतील.)

कुणी म्हणेल, एवढ्यातेवढ्याने काय होतं? अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठात याचा एक साधा प्रयोग झाला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही मुलांना 'शेजारच्या खोलीत खाऊने भरलेला वाडगा आहे' असं सांगून बोलावलं. खोलीत नेल्यावर मात्र म्हटलं, 'खाऊ वगैरे काही नाही, तू खेळायला यावंस म्हणून सांगितलं.' बाकीच्या मुलांना असं काही सांगितलं नाही. मग पाठीमागे एक खेळणं ठेवून 'मागे वळून बघू नकोस हं' असं बजावलं आणि ती ताई खोलीबाहेर गेली. शाळकरी वयाच्या मुलांमध्ये, ज्यांना आधी फसवलं होतं त्यांनी जास्त प्रमाणात वळून पाहिलं, आणि 'पाहिलंस का?' असं विचारल्यावर खोटंही जास्त सांगितलं. तीन-चार वर्षांच्या पिल्लांमध्ये असा फरक दिसला नाही. म्हणजे मूल शाळेत जायला लागलं की ते आपले शब्द तपासू लागतं, असं मी समजते.

आता हा भाग फक्त मुलांसाठी. दारात काका उभे आहेत आणि आतून बाबा खुणावताहेत, 'नाही म्हणून सांग.' अशा वेळी काय कराल? काकांसमोर "बाबा आत लपलेत!" असं ओरडू नका. त्याने खरं बोलल्याचं पुण्य कमी आणि घरात वादळ जास्त! आत जा आणि हळूच म्हणा, "बाबा, मला असं सांगायला नको वाटतं. तुम्हीच या ना." बहुतेक बाबा येतात. नाही आले, तर "बाबांना आत्ता भेटता येणार नाही" हे वाक्य आहेच. ते खरं आहे आणि कुणाला लागतही नाही.

तुम्ही घरात एकटे असाल आणि अनोळखी माणसाने फोनवर किंवा दाराबाहेरून 'घरात कोण आहे?' असं विचारलं, तर सगळं सांगत बसायची मुळीच गरज नाही. दार उघडायचं नाही. "आई-बाबा आत्ता बोलू शकत नाहीत" एवढं पुरे. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलंच पाहिजे असा नियम नाही. विचारणारा कोण, हे आधी पाहावं. हे मी वर्गातही सांगते, कारण 'खरं बोलायचं म्हणजे विचारलेलं सगळं सांगायचं' अशी काही मुलांची समजूत असते.

खऱ्या-खोट्याइतकीच मला आणखी एका गोष्टीची काळजी वाटते. ती म्हणजे अरे-तुरे. पहिलीत मूल आलं की आठवडाभरात मला त्याच्या घरातली बोलायची तऱ्हा कळते. खिचडी वाढणाऱ्या मावशींना एक मूल म्हणतं, "मावशी, थोडी वाढा ना." दुसरं म्हणतं, "ए, मला वाढ." हे दुसरं मूल उद्धट नसतं. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आणि रिक्षावाल्यांना घरात कोणत्या आवाजात हाक मारतात, ते त्याने ऐकलेलं असतं. तेच मूल डॉक्टरांना मात्र बरोबर 'अहो डॉक्टरकाका' म्हणतं! कुणाला 'अहो' आणि कुणाला 'ए' हे त्याला कुणी बसवून शिकवलेलं नाही, आणि तरी त्यात त्याची कधी चूक होत नाही. यावर मी एकच करते. मुलांसमोर मावशींना मी 'अहो' म्हणते आणि ताट घासायला मुलांच्या रांगेत उभी राहते. दिवाळीपर्यंत बराच फरक पडतो.

पालकसभेत हमखास एक प्रश्न येतो, "बाई, संस्कारवर्गाला घालू का?" घाला की! पाठांतर होतं, उच्चार सुधारतात, चार मित्र मिळतात. माझा विरोध नाही. पण आठवड्यातला एक तास बाकीच्या सहा दिवसांना कसा पुरणार?

असंच 'श्यामची आई' वाचून दाखवण्याचं. साने गुरुजींचं हे पुस्तक १९३५ साली आलं. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला लुगड्याचे ओले ओचे दगडावर पसरायला सांगतो, तो प्रसंग आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पायांना जपतोस तसं मनालाही जप, असं ती त्याला सांगते. ते वाक्य आपण उचलतो आणि मुलांना ऐकवतो. मला मात्र दर वेळी वाटतं, की आपण अर्धीच गोष्ट उचलली. आधी तिने ओचे पसरले होते. पोराचा हट्ट वेडगळ होता, ती कामात होती, तरी तिने पसरले. शब्द त्यानंतरचे.

गोष्टी सांगाव्यातच, पण कोणत्या? इथे मी स्वतः बरीच वर्षं चुकले. खोटं बोलू नये म्हणून मी नेहमी 'लांडगा आला रे आला' सांगायची. पोरं डोळे विस्फारून ऐकायची. मेंढ्या गेल्या म्हणून चुकचुकायची. वर्ग गप्प बसला की मला वाटायचं, पाठ छान झाला. वर उल्लेख केला त्याच २०१४ साली कॅनडातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना असाच खेळण्याकडे वळून न बघण्याचा खेळ दिला. मग गोष्ट वाचून दाखवली आणि 'बघितलंस का?' असं विचारलं. काहींना लांडग्याची गोष्ट. काहींना खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची. काहींना जॉर्ज वॉशिंग्टनची. म्हणजे बापाचं चेरीचं झाड तोडलं, बापाने विचारल्यावर कबूल केलं आणि बापाने खरेपणाबद्दल जवळ घेतलं, ती गोष्ट. लांडग्याने आणि नाकाने काही फरक पडला नाही. चेरीच्या झाडाची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी मात्र जास्त प्रमाणात खरं सांगितलं. पुढे त्यांनी याच गोष्टीचा शेवट बदलून पाहिला. जॉर्ज खोटं बोलतो आणि त्याचं वाईट होतं, असा. तर तिचाही परिणाम नाहीसा झाला!

(गंमत म्हणजे ती चेरीच्या झाडाची गोष्ट मुळात घडलेलीच नाही असं मानतात. वॉशिंग्टनचं चरित्र लिहिणाऱ्या वीम्स नावाच्या गृहस्थांनी ती पदरची घातली. खरेपणाच्या गोष्टीची ही तऱ्हा!)

एका अभ्यासाने सगळं सिद्ध होतं असं नाही. पण मला पटलं. लांडग्याच्या गोष्टीतून मूल 'खोटं बोललं की फजिती होते' हे शिकतं. मात्र खोटं बोलून झाल्यावर आता परत कसं फिरायचं, हे त्यात नाही. आणि मुलाला नेमकं तेच हवं असतं.

माझ्या वर्गात खिडकीपाशी एक पत्र्याची पेटी आहे. तीत पेन्सिली आणि खोडरबरं. पेन्सिल पाच रुपये, रबर तीन. विकायला कुणी बसत नाही. वस्तू घ्यायची आणि शेजारच्या डब्यात पैसे टाकायचे. दर शनिवारी मुलंच हिशोब करतात, आणि तेवढीच बेरीज-वजाबाकी होते. मागच्या वर्षी एका शनिवारी आठ रुपये कमी भरले. वर्गात कुजबुज सुरू झाली. "बाई, दप्तरं तपासा!" म्हणून चार-पाच जण पुढे आले. इतरांची दप्तरं तपासायला मुलांना फार आवडतं.

मी म्हटलं, "दप्तरं तपासायची नाहीत." आणि का कुणास ठाऊक, त्यांना एसटीची गोष्ट सांगितली. साडेचार, कंडक्टर, 'आज किती सांगू', सगळी. वर्ग हसून लोळला. बाई खोटं बोलल्या आणि पकडल्या गेल्या, याचा त्यांना केवढा आनंद!

सोमवारी काही नाही. मंगळवारी मधल्या सुट्टीत एक मुलगा दाराशी घुटमळत होता. मुठीत पाचाचं नाणं. "बाई, तुम्ही मारणार नाही ना?" नाही म्हटलं. "तीन उद्या आणतो." पेन्सिल आणि रबर दोन्ही त्याच्याच दप्तरात होतं. मी म्हटलं, "तू स्वतः येऊन सांगितलंस, मला फार बरं वाटलं. उद्या तीन आण आणि शनिवारचा हिशोब तूच कर." तो गेला. पळत गेला.

दुसऱ्या दिवशी तीन रुपयांबरोबर त्याचे वडीलही आले. आईच्या डब्यातून तीन रुपये मागताना पोराने घरी सगळं सांगितलं होतं. वडील लालबुंद झाले होते. "बाई, आमच्या घरात चोर निपजला. तुमच्यासमोर दोन लावतो, म्हणजे पुन्हा हिंमत होणार नाही." पोरगा त्यांच्या मागे भिंतीला चिकटून उभा.

मी त्यांना बाकावर बसवलं आणि म्हटलं, "दादा, मी ना याला पकडलं, ना कुणी सांगितलं. हा आपणहून आला. आज तुम्ही मारलंत तर तो मार चोरीचा नाही, सांगितल्याचा होईल."

ते बराच वेळ पेटीकडे पाहत बसले. मग एकदम हसले, पण ते हसू काही वेगळंच होतं. "बाई, मला लहानपणी अशाच गोष्टीवरून खांबाला बांधून मारलं होतं. त्यानंतर मी," ते थांबले, "त्यानंतर मी कधी सापडलो नाही."

पोरगा भिंतीजवळून आमच्याकडे बघत होता. वडिलांनी त्याच्या हातातले तीन रुपये घेतले नाहीत, त्यालाच डब्यात टाकायला लावले. नाणी टणटण वाजली. मग त्यांनी विचारलं, "याला अर्धा तास बाहेर नेऊ का? घंटेच्या आत आणून सोडतो." मी हो म्हटलं. दोघं फाटकातून बाहेर पडताना मी खिडकीतून पाहिलं. पोरगा हातवारे करत काहीतरी सांगत होता आणि वडील मान खाली घालून ऐकत होते.